गठ्ठा, तुकडा आणि पडताळा : मोठे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या हाती पोचवण्याचा इतिहास

मोठे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या संगणकापर्यंत कोणत्या रूपात धाडावे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या साडेचार दशकांत अनेकदा बदलले आहे, आणि त्या बदलांची कारणे सॉफ्टवेअरच्या अंतरंगापेक्षा ते ज्या वाटेने जाते त्या वाटेत अधिक सापडतात. चुंबकीय फीत, टेलिफोनची तार, फ्लॉपी, सीडी आणि इंटरनेट या प्रत्येक वाटेची अडचण निराळी होती, त्यामुळे प्रत्येकीसाठी गठ्ठा बांधण्याची रीतही निराळी घडत गेली. या इतिहासाची मांडणी करताना फाइलचा आकार किती घटला याचीच मोजदाद बहुधा केली जाते. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, वाटेत काही बिघडले तर त्याची किंमत कोणी मोजायची आणि किती मोजायची. या कसोटीवर पाहिले असता, ज्या पद्धती टिकल्या त्यांतील बहुतेकींनी बिघाडाचा भार वापरणाऱ्याच्या डोक्यावरून थोडाथोडा उतरवत नेला असे दिसते.

आजही सर्वत्र वापरात असलेला टार हा गठ्ठा बांधण्याचा प्रकार जानेवारी १९७९ मध्ये, बेल लॅबोरेटरीजच्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसिद्ध झाला, आणि तो चुंबकीय फितीसाठीच घडवलेला होता. अनेक फाइली एकामागून एक ठेवायच्या, प्रत्येकीच्या आधी ५१२ बाइटांचे एक शीर्षक जोडायचे आणि त्यात फाइलचे नाव, मालक, परवानग्या, तारीख व आकार नोंदवायचा, एवढीच त्याची रचना. हे आकडे यंत्राच्या अंतर्गत भाषेत न लिहिता अष्टमान पद्धतीच्या साध्या अक्षरी अंकांत लिहिले जात, त्यामुळे एका कंपनीच्या संगणकावर बांधलेला गठ्ठा दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर विनासायास सुटत असे. ही दूरदृष्टीच त्याच्या दीर्घायुष्याचे मोठे कारण ठरली. आकारासाठी राखलेल्या जागेत अकरा अष्टमान अंक मावत असल्याने एका फाइलची कमाल मर्यादा आठ गिगाबाइट ठरत होती, आणि १९७९ साली ती कोणाला मर्यादा वाटण्याचे कारणच नव्हते. गठ्ठ्यात अनुक्रमणिका मात्र कोठेही नव्हती. फीत एकाच दिशेने वाचली जाते, तेव्हा शेवटची फाइल हवी असली तरी अथपासून इतिपर्यंत सगळी फीत ओलांडावी लागणार हे गृहीतच धरलेले होते.

टार गठ्ठा बांधतो, पण आकार घटवत नाही. ते काम १९८०च्या दशकाच्या मध्यापासून कॉम्प्रेस या वेगळ्या प्रोग्रॅमकडे आले. पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरक्रमांच्या जागी लहान सांकेतिक खुणा ठेवण्याची लेम्पेल, झिव्ह आणि वेल्च यांची पद्धत तो वापरत असे. सप्टेंबर १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची ०.०१ ही पहिली आवृत्ती फिनलंडमधील एका सार्वजनिक सर्व्हरवर ठेवली तीही याच जोडगोळीने बांधलेली होती. परंतु या पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. त्या कचाट्यातून सुटण्यासाठी जाँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांनी १९९२ साली जीझिप हा मुक्त प्रोग्रॅम लिहिला, आणि टारचा गठ्ठा जीझिपने आक्रसून पाठवायचा हा शिरस्ता तेव्हापासून रूढ झाला. सगळा गठ्ठा सलग आक्रसल्यामुळे एका फाइलमधील पुनरावृत्तीचा लाभ शेजारच्या फाइललाही मिळतो आणि आकार चांगला घटतो. मात्र मध्येच कोठे बिघाड झाला तर त्यापुढील सारा भाग सहसा वाचता येत नाही. आकार आणि सुरक्षितता यांच्यातली ही ओढाताण पुढे प्रत्येक टप्प्यावर दिसते.

फीत न पाठवता टेलिफोनच्या तारेवरून सॉफ्टवेअर पाठवायचे ठरले, तेव्हा घोडे वेगळ्याच ठिकाणी अडले. यूजनेट या संदेशजाळ्यातून केवळ साधी इंग्रजी अक्षरे निर्वेध जात. यंत्रभाषेतील फाइल पाठवली तर ती वाटेतच विद्रूप होई. यावर बर्कले विद्यापीठात मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० साली यूयूएन्कोड हा उपाय काढला. तीन बाइटांचे चोवीस बिट घ्यायचे, त्यांचे सहा-सहा बिटांचे चार भाग करायचे आणि प्रत्येक भागात ३२ मिळवून छापता येण्याजोगे एक अक्षर तयार करायचे, अशी ती युक्ती होती. पूर्ण भरलेल्या प्रत्येक ओळीत ४५ बाइटांची साठ अक्षरे येत आणि ओळीच्या आरंभी ती लांबी सांगणारे ‘एम’ हे इंग्रजी अक्षर असे, त्यामुळे एमने सुरू होणाऱ्या निरर्थक दिसणाऱ्या ओळींची लांबच लांब रांग पडद्यावर उमटत असे. या रूपांतरात फाइल सुमारे ३८ टक्क्यांनी फुगत असे, म्हणजे कॉम्प्रेसने जे कमावले त्यातील बराच भाग येथे खर्ची पडे.

त्यातच अनेक ठिकाणची यंत्रणा ६४ किलोबाइटच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे संदेश तोडून टाकत असल्याने मोठा प्रोग्रॅम अनेक क्रमांकित तुकड्यांत पाठवावा लागे. वापरणाऱ्याने प्रत्येक तुकडा वेगळा साठवायचा, ‘येथे कापा’ अशा अर्थाच्या रेघेपर्यंतचा वरचा मजकूर हाताने काढून टाकायचा, सगळे तुकडे योग्य क्रमाने जोडायचे आणि एखादा हरवला असेल तर तो पुन्हा मिळण्याची वाट पाहायची, हा सारा खटाटोप त्याच्याच माथी होता. शार हा याच काळातील प्रकार गठ्ठ्यालाच आज्ञांच्या यादीचे रूप देत असे, जेणेकरून ती यादी चालवताच फाइली आपोआप तयार व्हाव्यात. सोय मोठी होती, पण अनोळखी माणसाने लिहिलेल्या आज्ञा आपल्या संगणकावर डोळे झाकून चालवण्याचा धोका त्यात उघड दिसत होता, आणि सावध लोक त्या यादीतून फक्त फाइली काढून घेणारे वेगळे साधन वापरू लागले.

याच वातावरणात १९८५ साली लॅरी वॉल यांनी पॅच हा छोटा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. जुन्या आणि नव्या आवृत्तीत जेवढा फरक आहे तेवढाच पाठवायचा आणि वापरणाऱ्याकडे असलेल्या जुन्या प्रतीवर तो लागू करायचा, ही त्यामागची कल्पना. फरकाबरोबर त्याच्या आजूबाजूच्या काही ओळीही पाठवल्या जात असल्याने, मधल्या काळात मूळ फाइल थोडी इकडेतिकडे झाली असली तरी पॅच नेमकी जागा शोधून काढत असे. मोठी वस्तू पाठवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे तिचा बहुतांश भाग न पाठवणे, हे तत्त्व व्यवहारात इतक्या ठसठशीतपणे उतरवणारे साधन त्याआधी लोकांच्या हाती नव्हते. त्याचे मोल त्याच्या आकारावरून कळत नाही.

वैयक्तिक संगणकांच्या जगात दुसरी परंपरा वाढत होती. तेथे सिस्टिम एनहान्समेंट असोसिएट्स या कंपनीचा आर्क हा प्रकार लोकप्रिय होता; त्यावरून १९८८ साली फिल कॅट्झ यांच्या पीकेवेअर कंपनीशी तिचा न्यायालयीन तंटा झाला आणि त्यानंतर कॅट्झ यांनी १९८९ मध्ये झिप हा नवा प्रकार आणला. त्याचा आराखडा त्यांनी सर्वांसाठी खुला केला, आणि पुढे तो जगभर पसरला याचे श्रेय त्या निर्णयाला द्यावे लागते. झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे आक्रसली जाते, प्रत्येकीसोबत तिचा पडताळा घेणारा अंक असतो आणि सर्व फाइलींची अनुक्रमणिका गठ्ठ्याच्या अगदी शेवटी येते. जीझिपने आक्रसलेल्या टारच्या तुलनेत आकार किंचित मोठा राहतो, पण एक फाइल बिघडली तरी बाकीच्या वाचतात. अनेक फ्लॉपींवर पसरलेला झिप गठ्ठा सोडवताना मात्र प्रोग्रॅम आधी शेवटची फ्लॉपी मागे, कारण अनुक्रमणिका तिच्यावरच असे. ती वाचून झाल्यावर मग पहिलीपासून क्रमाने एकेक फ्लॉपी घालावी लागे. ज्याच्याकडे झिप सोडवण्याचे साधनच नाही त्याला ते साधन झिपमध्ये बांधून पाठवणे निरर्थक होते, म्हणून पीकेवेअर आपला प्रोग्रॅम स्वतःच उलगडणाऱ्या फाइलीच्या रूपात वाटत असे. पुढे विंडोजवर रूढ झालेल्या, दोनदा क्लिक करताच स्वतःला बसवून घेणाऱ्या इन्स्टॉलरमागेही हीच कल्पना आहे.

फ्लॉपीच्या युगाची परमावधी लिनक्सच्या वितरणांत दिसते. वितरण म्हणजे मूळ गाभ्याभोवती शेकडो साधने एकत्र करून बसवण्याजोगा केलेला संच. जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी स्लॅकवेअरची पहिली आवृत्ती काढली तेव्हा ती साडेतीन इंची २४ फ्लॉपींच्या प्रतिमांच्या रूपात होती. मूलभूत प्रणाली, प्रोग्रॅमिंगची साधने, नेटवर्क, चित्रमय पडदा, टेक ही छपाईप्रणाली असे फ्लॉपींचे गट पाडलेले होते आणि प्रत्येक गटाला इंग्रजी अक्षराचे नाव होते. ज्याला छपाई करायची नाही त्याने तो गट उतरवूच नये, ही मुभा वरवर क्षुल्लक दिसते. पण वापरणाऱ्याला काय हवे ते त्यालाच निवडू द्यावे आणि त्या निवडीप्रमाणे गठ्ठ्याचे भाग पाडावेत, हा विचार त्यात स्पष्ट आहे.

भारतात या मुभेचे मोल फार होते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा डायल-अप जोडणीचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता. या वेगाने एक फ्लॉपी भरेल एवढी माहिती उतरवायला, तार एकदाही तुटली नाही असे धरले तरी, किमान वीस मिनिटे लागतात आणि २४ फ्लॉपींना आठ तासांहून अधिक. वर टेलिफोनचे बिल वेगळे. म्हणूनच १९९६ साली पीसी क्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली तेव्हा ती येथील वाचकांसाठी वितरणाची खरीखुरी वाट ठरली. पुढे सेकंदाला ५६ किलोबिटचे मोडेम आले, तरी ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवायला त्याच्या पूर्ण वेगानेही सुमारे २७ तास लागत, आणि तो पूर्ण वेग सहसा कोणाला लाभत नसे. मुंबई-पुण्यातील लिनक्स वापरणाऱ्यांच्या गटांत सीडींच्या प्रती हातोहात फिरत. २००५ पासून २०११ पर्यंत उबुंटू हे वितरण मागेल त्याला टपालाने मोफत सीडी धाडत असे, आणि महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांची लिनक्सशी पहिली गाठ त्या पाकिटातूनच पडली. तार मंद असेल तर टपाल हे वितरणाचे उत्तम माध्यम असते, हे या अनुभवाने दाखवून दिले. वितरणाच्या इतिहासात त्याची नोंद होते त्याहून ठळकपणे व्हायला हवी.

तारेवरून उतरवणाऱ्यांचे खरे दुखणे वेगापेक्षा खंड पडण्याचे होते. नव्वद टक्के फाइल उतरल्यावर जोडणी तुटली की पुन्हा श्रीगणेशा करावा लागे. फाइल देवाणघेवाणीच्या एफटीपी या जुन्या नियमावलीत थांबलेल्या जागेपासून पुढे सुरू करण्याची आज्ञा होती, परंतु वेबच्या आरंभीच्या नियमांत तशी सोय नव्हती. जानेवारी १९९७ मध्ये जाहीर झालेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने फाइलचा हवा तेवढाच भाग मागण्याची तरतूद केली, आणि तुटलेले डाउनलोड पुढे चालू करणाऱ्या त्या काळच्या लोकप्रिय साधनांचा पाया घातला गेला. पुढे डीव्हीडीच्या आकाराच्या फाइली आल्या तेव्हा वेगळीच मेख उघडी पडली. अनेक प्रोग्रॅम फाइलचा आकार ३२ बिटांच्या चिन्हांकित संख्येत ठेवत असल्याने दोन गिगाबाइटपलीकडची फाइल त्यांना मोजताच येत नव्हती. डब्ल्यूगेट हे डाउनलोडचे साधन आणि अपाची हा वेब सर्व्हर या दोघांनीही २००५ साली आलेल्या आवृत्त्यांत ही मर्यादा ओलांडली. तोवर मोठे सॉफ्टवेअर देणाऱ्यांना ते तुकड्यांत किंवा अनेक सीडींच्या रूपात देणे भाग होते.

दरम्यान लिनक्सच्या जगात गठ्ठ्याची संकल्पनाच बदलत होती. १९९३ साली इयन मरडॉक यांनी डेबियन या वितरणाची घोषणा केली. त्याच्या पॅकेजची, म्हणजे एकेका प्रोग्रॅमच्या बांधलेल्या गठ्ठ्याची, रचना मुद्दाम जवळून पाहण्यासारखी आहे. बाहेरून तो एक साधा संग्रह असतो आणि आत तीन भाग असतात: पहिला रचनेचा आवृत्तिक्रमांक सांगतो, दुसऱ्या छोट्या टार गठ्ठ्यात पॅकेजचे नाव, वर्णन आणि ते चालण्यासाठी लागणाऱ्या इतर पॅकेजांची यादी असते, आणि तिसऱ्या टार गठ्ठ्यात प्रत्यक्ष फाइली. माहिती पुढे आणि माल मागे ठेवल्यामुळे संपूर्ण गठ्ठा न उलगडता त्याविषयी निर्णय घेता येतो. या माहितीच्या आधारे ॲप्ट हे साधन, वापरणाऱ्याने एक नाव सांगितले की त्याला लागणारी सगळी पॅकेजे शोधून, उतरवून, क्रमाने बसवू लागले, आणि तुकडे जुळवण्याचे जे काम यूजनेटच्या काळात माणसाकडे होते ते यंत्राकडे गेले.

पॅकेज किती बारीक पाडावे याला एकच योग्य उत्तर नाही. डेबियनमध्ये लिब्रेऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरचा मराठी पडदा, म्हणजे त्यातील मेनू आणि सूचनांचे मराठी रूप, स्वतंत्र पॅकेज आहे. मराठी वाचकाला जर्मन भाषेचा भार वाहावा लागत नाही आणि जर्मन वाचकाला मराठीचा. विंडोजसाठी मात्र याच लिब्रेऑफिसने जानेवारी २०११ च्या ३.३ आवृत्तीपासून सर्व भाषा एकाच इन्स्टॉलरमध्ये घातल्या. त्यामुळे प्रत्येकाला अनेक अनोळखी भाषा उतरवाव्या लागल्या. पण सर्व्हरवर लागणारी एकूण जागा ७५ गिगाबाइटवरून ११ गिगाबाइटवर आली, ज्या स्वयंसेवी संस्था हा साठा फुकट ठेवत होत्या त्यांचा भार हलका झाला आणि नवी आवृत्ती सर्वत्र लवकर पोचू लागली. विंडोजवर पॅकेजांची जुळणी करणारे सर्वमान्य साधन तेव्हा नव्हते हे ध्यानात घेता हा निर्णय योग्यच म्हणावा लागतो.

डेबियनच्याच सीडींच्या निमित्ताने या इतिहासातील बहुधा सर्वांत कल्पक उपाय जन्मला. सीडीची प्रतिमा म्हणजे सीडीवरील सर्व बाइट जसेच्या तसे एका फाइलीत. त्या प्रतिमेतील बहुतांश भाग म्हणजे जी पॅकेजे जगभरच्या मिररांवर, अर्थात मूळ साठ्याची हुबेहूब नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरांवर, आधीच सुटी ठेवलेली असत तीच. मग तीच माहिती प्रतिमेच्या रूपात पुन्हा साठवायची कशाला? रिचर्ड ॲटरर यांनी लिहिलेल्या जिग्डो या साधनाने प्रतिमेऐवजी दोन छोट्या फाइली द्यायला आरंभ केला. एकीत पॅकेजांचे पडताळा-अंक आणि ती कोठे मिळतील ते पत्ते. दुसरीत पॅकेजांव्यतिरिक्त प्रतिमेत जे उरते तेवढेच. वापरणाऱ्याचा संगणक जवळच्या मिररवरून पॅकेजे आणी, ती रिकाम्या जागांत बसवी आणि अखेरीस मूळ प्रतिमेशी बाइटन् बाइट जुळणारी प्रतिमा तयार होई. जुनी सीडी हाताशी असेल तर न बदललेली पॅकेजे तिच्यावरूनच घेतली जात. जोडणी मध्येच तुटली तर फार तर एक पॅकेज पुन्हा आणावे लागे.

ब्रॅम कोहेन यांनी जुलै २००१ मध्ये प्रसिद्ध केलेले बिटटॉरेंट याच दिशेने गेले, पण अधिक व्यापक अर्थाने. तोवर मोठ्या फाइलीसोबत एमडी५ सारखा एकच पडताळा-अंक दिला जाई. संपूर्ण फाइल उतरल्यावर तो जुळला नाही तर कोठेतरी बिघाड आहे एवढेच कळे, कोठे ते कळत नसे. टॉरेंटमध्ये फाइलचे सारख्या आकाराचे तुकडे कल्पून प्रत्येकाचा वीस बाइटांचा स्वतंत्र अंक आधीच दिलेला असतो. ६५० मेगाबाइटच्या सीडीचे २५६ किलोबाइटांचे तुकडे पाडले तर ते २६०० होतात आणि त्यांच्या सर्व अंकांना मिळून अवघे ५२ हजार बाइट लागतात. एवढ्या अल्प किमतीत कोणता तुकडा सदोष आहे ते तत्काळ कळते आणि तेवढाच पुन्हा आणता येतो. शिवाय तुकडा कोणाकडून आला याला महत्त्व उरत नाही, कारण अंक जुळला की तो खरा. म्हणून अनोळखी वापरणाऱ्यांनी एकमेकांना तुकडे देणे शक्य झाले आणि गर्दी वाढली की सर्व्हर कोलमडण्याऐवजी वाटपाला हातभार लागू लागला. लिनक्सच्या वितरणांनी ही पद्धत लवकर आणि मनःपूर्वक स्वीकारली.

फरक तेवढाच पाठवण्याची जुनी कल्पनाही यंत्रभाषेतील फाइलींपर्यंत पोचली. कॉलिन पर्सिव्हल यांच्या २००३ मधील बीएसडिफने त्यासाठी प्रभावी पद्धत दिली. फेडोरा वितरणाने २००९ पासून आपल्या पॅकेजांसाठी फरकपद्धती वापरली, परंतु फरकावरून पॅकेज पुन्हा बांधायला वापरणाऱ्याच्या प्रोसेसरला बराच वेळ लागे, आणि तार वेगवान होत गेली तसा हा सौदा अनेकांना तोट्याचा होऊन २०२४ च्या चाळिसाव्या आवृत्तीत तो बंद झाला. आर्च या वितरणाने झेडस्टँडर्ड ही कॉम्प्रेशनची नवी पद्धत स्वीकारल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले, तेव्हा पॅकेजांचा एकूण आकार सुमारे ०.८ टक्क्यांनी वाढला, मात्र ती उलगडण्याचा वेग सुमारे १३०० टक्क्यांनी वाढला. आकारात थोडे सोडून वेळेत बरेच कमावण्याचा हा निर्णय फ्लॉपीच्या काळात कोणी घेतला नसता.

गठ्ठा अखंड पोचला याची खात्री पटू लागली, तरी गठ्ठ्यात मुळात काय बांधले आहे याची खात्री ही वेगळी बाब आहे, हे मार्च २०२४ मध्ये फार कठोरपणे समोर आले. एक्सझेड हे कॉम्प्रेशनचे साधन जवळपास प्रत्येक लिनक्स वितरणात असते. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत दूरस्थ प्रवेशाच्या यंत्रणेला भगदाड पाडणारा मजकूर दडवलेला होता. सर्व्हरवर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जादा का लागतो याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला. हा मजकूर चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींच्या आड प्रोग्रॅमच्या उघड्या मूळ संग्रहातच लपवलेला होता, पण तो कामाला लावणारी आज्ञा फक्त प्रसिद्ध केलेल्या टार गठ्ठ्यात होती, लोक ज्याची तपासणी करत त्या मूळ संग्रहात ती नव्हती. गठ्ठ्यावर अधिकृत स्वाक्षरी होती आणि पडताळा-अंकही जुळत होता. आर्चने लगोलग टार गठ्ठा सोडून थेट मूळ संग्रहावरून एक्सझेड बांधायला सुरुवात केली. डेबियनने ५.४.५ या जुन्या आवृत्तीकडे माघार घेतली. पण पॅकेज बसवणारी साधने एरवी चढत्या क्रमांकाकडेच जातात आणि सदोष ५.६.१ काही संगणकांवर आधीच पोचलेली होती, म्हणून परत आणलेल्या पॅकेजला ‘५.६.१ + रिअली ५.४.५’ असा क्रमांक देऊन माघारीलाही बढतीचे रूप द्यावे लागले.